दाखल क्रमांक ३४१७

३ मार्च २०२५, सोमवार

पोचले बाई एकदाची! मालेगावहून शिरपूरकडे जाणाऱ्या एसटीने फाट्यावर सोडलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. उतरताना माझी पुस्तकांची पिशवी कंडक्टरच्या पायावर पडली आणि त्याने मला जे सुनावलं, ते ऐकून अख्ख्या बसची करमणूक झाली. म्हणजे गावात पाऊल टाकायच्या आधीच मी प्रसिद्ध.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. चतुरामावशीने अकोल्याहून निघताना दहादा बजावलंय: कागदावर गाव नको, फोनवर गाव नको. मी कुठे आहे हे फक्त तिला ठाऊक. सतीशला, माझ्या नवऱ्याला, ते कळलं तर काय होईल, हे मात्र आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. मागच्या खेपेला त्याने मला तीन दिवस खताच्या गोदामात कोंडलं होतं. पुढच्या खेपेला कुलूप उघडायचंच नाही, असं जेवता जेवता हसत सांगितलं आणि वर आणखी एक पोळी मागितली. असो. आजच्या दिवशी त्याचं नाव नको.

आता माझी नोकरी. सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल! पुढे सतरंज्या घातलेली वाचनाची खोली, मागे पुस्तकांची. सचिव दौलतराव हळदीचे शेतकरी आहेत, हळद शिजवायचे दिवस असल्यामुळे हात कोपरापर्यंत पिवळे. त्यांनीच सगळं दाखवलं. कपाटं चार, त्यांवर रंगाने लिहिलेलं: प्रेरणादायी, स्वयंविकास, थरार, रहस्य. कविता आणि समीक्षा कुठे, असं विचारलं तर त्यांनी माळ्याकडे बोट केलं. गाव हेच चार प्रकार वाचतं म्हणे.

मदतनीस वैजयंती माझ्याच वयाची, बारा वर्षं इथे आहे आणि इथलं प्रत्येक पुस्तक तिने वाचलंय. तिने मला पहिल्या पाच मिनिटांत 'ताई' केलं.

४ मार्च, मंगळवार

राहायला हिरीबाईंकडे खोली मिळाली. म्हातारी एकटी, प्रेमळ, आणि तिच्या वांग्याच्या भाजीवर तेलाचा एवढा तवंग की वांगं पोहायला शिकलं असावं. खोलीला कडी आहे, पण कुलूप लावायची सोय नाही. म्हणून ही वही वाचनालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवायची ठरवलंय. खणाला किल्ली आहे, ती माझ्या गळ्यात.

आज नव्या पुस्तकांवर शिक्के मारले. पहिल्या पानावर एक आणि गुप्त पानावर एक. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. चोराने पहिलं पान फाडलं तरी त्या आतल्या शिक्क्यावरून पुस्तक कुणाचं ते कळतं. इथलं गुप्त पान सतरावं. शाईचं पॅड नवं होतं, म्हणून शिक्का नीट उमटतो का ते पाहायला आधी याच वहीच्या पहिल्या पानावर मारला. मग हात सुटला तो सतराव्या पानावरही मारून मोकळी झाले. सवयीची गुलाम मी. वैजयंती खूप हसली.

६ मार्च, गुरुवार

या वाचनालयाचा एक नियम मला फार आवडला. पुस्तक परत करताना अभिप्राय वहीत दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं वैजयंती लिहून घेते, त्यांच्याच शब्दांत. पुस्तकाचं नाव लिहीत नाहीत, फक्त दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीत चढवताना पुस्तकाला मिळालेला नंबर लिहितात. दहा अभिप्राय झाले की पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचं हे वाचकच ठरवतात.

आज दिवसभर तीच वही वाचत बसले. पहाटे उठण्याचे फायदे सांगणाऱ्या एका पुस्तकावर कमलीबाईंनी लिहवून घेतलंय: 'लेखक म्हनते पाचले उठा म्हंजे मोठे व्हान. मी चाळीस वर्सं झाले चारले उठतो. कधी होऊ?' कमलीबाई दर हंगामाला ऊसतोडीला जातात, परवाच परत आल्या आहेत. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर गोविंदसिंगकाका एका रहस्यकथेवर लिहितात: 'खुनी कोण ते चाळिसाव्या पानावर कळले. पुढचे वाचले कारण पुस्तक घरी आणले होते.' आणि एका प्रेरणादायी पुस्तकावर कुणीतरी: 'वाचून अंगात बळ आले. तिसऱ्या दिवशी गेले.'

शहरातल्या वर्तमानपत्रांत परीक्षणं लिहिणाऱ्यांना इथे शिकवणीला पाठवायला हवं. एक तक्रार मात्र पुन्हा पुन्हा दिसते. शेवट खोटा. शेवट गुळचट. आमच्याकडे असा शेवट होत नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, अशा वेळा. मधल्या वेळात मी हिरीबाईंकडे जेवते आणि गाढ झोपते. इतकी झोप मला लग्नानंतर पहिल्यांदाच लागतेय.

अभिप्राय वहीत एक नवा क्रमांक दिसला, ३४१७. चार जणांनी वाचलंय आणि चौघंही खूष. 'सुरुवात छान. बाई सोताच सोताले हसते म्हनून आवडली.' 'असे साधे पुस्तक या आधी आले नव्हते.' कपाटात शोधलं, सापडलं नाही. वैजयंतीला विचारलं तर फिरतीवर हाये म्हणाली. मी माझं नाव प्रतीक्षा यादीत टाकायला सांगितलं. तिने ते टाकलंसुद्धा.

१५ मार्च, शनिवार

कालच्या धुळवडीला गावाने मला सोडलं नाही. कमलीबाईंनी स्वतः येऊन गालाला रंग लावला आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मीच लाजले. आपली पोरगी हाये, असं त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या. मला रडू आलं. इतकी माया कुणी लावली की मला काय करावं ते कळत नाही.

आज संध्याकाळी वाचनालय बंद केल्यावर पायरीवर बसून वैजयंतीला सतीशचं सगळं सांगितलं. मावशीनंतर पहिल्यांदाच कुणाला तरी. मी गोदामापर्यंत पोचायच्या आधीच तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. किती हळवी मुलगी! हे कुणाजवळ बोलू नकोस, माझा जीव आहे यात, असं मी तिला म्हटलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरून शपथ घेतली.

१९ मार्च, बुधवार

३४१७ वर आता नऊ अभिप्राय. गावात या पुस्तकाची साथच आली आहे आणि एकट्या ग्रंथपालाने ते पाहिलेलं नाही! कुठल्या तरी परागंदा बाईची गोष्ट दिसते. 'नवऱ्याच्या धाकातून निघाली, हिंमत घेण्यासारखी आहे', असं एकाने लिहिलंय. दुसऱ्याचं म्हणणं, नवरा नीट रंगवलेला नाही, नुसता ऐकीव आहे. गोविंदसिंगकाकांनी लिहिलंय: 'नायिकेला अजून काहीच कळले नाही. उत्सुकता वाढली.'

असं पुस्तक मला आत्ता हवं होतं. अशी बाई पुढे काय करते ते वाचून मला थोडं बळ आलं असतं. वैजयंतीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, ताई, तुमचा नंबर सगळ्यात शेवटी हाये.

२४ मार्च, सोमवार

नीट लिहिते, एकेक करून.

दुपारी जेवताना लक्षात आलं की मोबाइल वाचनालयात राहिला. दोन वाजता, भर उन्हात परत गेले. दार नुसतं लोटलेलं, बाहेर चपलांचा ढीग. आत कुणीतरी वाचत होतं, पोथी वाचतात तसं, सावकाश, एका चालीत. वैजयंतीचा आवाज. तिचा आवाज खरंच गोड आहे.

ती वाचत होती: 'तिच्या वांग्याच्या भाजीवर तेलाचा एवढा तवंग की वांगं पोहायला शिकलं असावं.'

सगळे हसले. चाळीस तरी माणसं होती. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पुढच्याच रांगेत हिरीबाई, तोंडाला पदर लावून, हसून हसून डोळे पुसत.

मी दारात उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. कुणी दचकलं नाही, उठलं नाही. दौलतरावांनी पिवळ्या हाताने मला खाली बसायची खूण केली, पोथी चालू असताना उशिरा आलेल्याला करतात तशी. कुणीतरी गोदामाचं पुन्हा वाच म्हणालं, तशी वैजयंतीने पान मागे उलटलं. तिने गोदाम वाचलं. कमलीबाई रडल्या. आता याच्यावर पुन्हा येऊ, असं म्हणून मग वैजयंतीने वही मिटली आणि सगळ्यांनी, खरंच सांगते, सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

मी तिच्या हातातून वही हिसकावली. तेव्हा कुठे तिला कळलं असावं की मी रागावलेय. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काहून चिडता ताई? सतराव्या पानावर तुमीच तं शिक्का मारला. मी फक्त नोंद केली. आमी काई चोरून नाई वाचलं." आणि दाखल नोंदवही उघडून दाखवली. तिच्याच सुबक अक्षरात: ३४१७. हस्तलिखित. लेखिका, मंजुषा. सगळ्या खणांची दुसरी किल्ली पहिल्यापासून तिच्या कनवटीला आहे, हेही तिने न विचारता सांगितलं.

मी दौलतरावांना म्हटलं, ही नोंद आत्ताच्या आत्ता खोडा. ते फार अदबीने म्हणाले की शिक्का बसलेलं पुस्तक वाचनालयाचं असते, बाद करायचं तं कार्यकारिणीचा ठराव लागते. आणि कार्यकारिणी इथंच बसली हाये, ठराव कोनी मांडत असन तं मांडा. कुणी मांडला नाही.

शपथ घेतली होती तिने. माझा हात धरून. आणि तेव्हा तिला सगळं आधीच माहीत होतं, म्हणूनच तर डोळ्यांत पाणी आधी आलं!

२५ मार्च, मंगळवार

वही आता माझ्याजवळ आहे. झोपताना उशाखाली.

कामाला गेले नाही. दुपारी वैजयंती घरी आली, भाकरी आणि ठेचा घेऊन, जणू काही झालंच नाही. मी दार उघडलं नाही. ती बाहेरूनच बोलत राहिली. म्हणाली, "विकतच्या पुस्तकात सगळं लबाड असते, ताई. पाचले उठला का मोठा होते. पोलीस येते, खुनी सापडते. आमी इतके वर्सं वाचून राह्यलो, आमच्या घरी तं कोनी आलं नाई. तुमचं खरं हाये. मधातच नका सोडू."

मला तिची कीव यावी असं ती बोलत होती. मला फक्त संताप आला. मी मैत्रीण समजले होते तिला, आणि ती मला नुसती वाचत होती.

२७ मार्च, गुरुवार

राजीनामा द्यायला गेले. टेबलावर अभिप्राय वही उघडीच होती. कालच्या तारखेचे दोन अभिप्राय.

'पंचवीस तारखेचे पान चांगले उतरले. मैत्रीण समजले होते ते वाक्य मनाला लागले.'

'वैजयंतीचा भाग वाढवावा.'

पंचवीस तारखेला मी हिरीबाईंच्या खोलीत लिहिलं. वही माझ्या उशाखाली होती. कुणी खोलीत आलं नव्हतं.

राजीनामा दौलतरावांनी घेतला, वाचला, आणि शिक्का मारून ठेवून दिला.

२९ मार्च, शनिवार

कळलं. आंघोळीला गेले आणि मुद्दाम लगेच परतले. हिरीबाई खाटेवर वही पसरून मोबाइलने पानापानाचे फोटो काढत होती. मला पाहून शरमलीसुद्धा नाही. "मले कुठं वाचता येते बापा," म्हणाली, "मी तं नुसते फोटू काढतो. वाचते ते वैजू." मग माझ्या ओल्या केसांकडे बघून टॉवेल पुढे केला.

लिहिणं थांबवलं असतं. पण मग मी कुणाशी बोलू? या वहीशिवाय मला या गावात कुणीही नाही. आणि वहीसुद्धा त्यांचीच.

पोलिसांना फोन केला. पलीकडच्याने विचारलं, कुणी हात लावला? नाही. धमकी दिली? नाही. मग झालं काय? वाचलं, मी म्हटलं. माझी रोजनिशी वाचली. तो हसला. चांगली लिहिता काय मग, असं म्हणाला.

३० मार्च, रविवार. पाडवा

दारोदारी गुढ्या. माझ्या खोलीसमोर हिरीबाईने साखरेची गाठी आणून टांगली.

अभिप्राय वही गावाने आता देवळासमोर आणून ठेवलीय, सगळ्यांना लिहिता यावं म्हणून. मतदान झालं. ३४१७ पहिल्यांदा प्रेरणादायीत होतं. मग काही जण स्वयंविकास म्हणत होते, बाई शिकत चालली म्हणून. आज सर्वानुमते थरार.

गोविंदसिंगकाका: 'मधला भाग रेंगाळला आहे. नवरा नुसता नावापुरता. त्याला आता आणायला हवे.'

त्याखाली अकरा सह्या.

खाली एक अंगठा. कमलीबाईंचा.

३१ मार्च, सोमवार

पिशवी भरली, सकाळच्या एसटीसाठी फाट्यावर गेले. ते सगळे आधीच तिथे. डबा बांधून दिला, पाण्याची बाटली दिली, कुणी वाईट बोललं नाही. गाडी आली. मी पायरीवर पाय ठेवला. गोविंदसिंगकाका कंडक्टरच्या कानाशी काहीतरी बोलले. तो मला न्याहाळत म्हणाला, "तुमीच का त्या? थांबा ना ताई, असं अधांतरी कुठं सोडून जाता." हसला. आणि डबल बेल दिली.

पाय पायरीवरून निसटला. गाडी गेली.

चालत निघाले. तेही निघाले. वैजयंतीने माझ्या डोक्यावर छत्री धरली. कमलीबाईंनी पिशवी घेतली. एकही माणूस आडवा आला नाही. बाजूने, मागून, पुढून नुसते चालत होते, पुढे काय होतं ते बघत. चार किलोमीटरनंतर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनीच उचलून परत आणलं.

१ एप्रिल, मंगळवार

मावशीला फोन लावला. मी बोलायच्या आधी तीच आनंदाने बोलू लागली. तुझ्या वाचनालयातली दोन माणसं आली होती गं, किती भली. एक ती वैजयंती. तुझं लिहिणं छापणार आहेत म्हणे. तू लहानपणी कशी होतीस विचारलं, फोटो पाहिले, चहा घेतला.

आणखी काय विचारलं, मावशी?

सतीशच्या दुकानाचा पत्ता. बाजू दोन्हीकडची कळायला हवी म्हणाले. मी दिला — तुझ्याच माणसांना म्हणून दिला — मंजू? मंजू, ऐकतेस ना?

ऐकत होते. तिला रागावलेसुद्धा नाही. तिचा काय दोष. तिला वाटलं, माझं कुणीतरी झालं.

माझंही तेच वाटणं होतं.

२ एप्रिल, बुधवार

एक वाजता वाचनालयात घुसले. दाखल नोंदवहीतलं ते पान फाडायचं होतं, एवढंच. फाडलंही. पण बाहेर चपला वाजू लागल्या. मागच्या खोलीत शिरून आतून कडी घातली. खिडकीला गज आहेत.

ते बसलेत. वाचनाची वेळ झाली.

दीडची गाडी आली असावी. त्याचा आवाज ऐकला. चपला कुठे काढू, असं विचारतोय. अदबीने.

सतीश आलाय.

—

त्याने दार ढकललं. एकदाच. मग वैजयंती म्हणाली — हे मी स्पष्ट ऐकलं — "भाऊ, वाचन चालू असलं का कोनी उठत नाई. संपू द्या." तो हसला. म्हणाला, बसतो की, आपल्याच घरचं पुस्तक आहे. बसला.

वैजयंती दाराशी आली. हळूच म्हणाली, "ताई, लिहा. पान दाराखालून द्या. तुमी लिहान तोवर मी वाचीन. मी वाचीन तोवर तो उठनार नाई."

म्हणजे तिला कळतंय! तिला सगळं कळतंय आणि तरी —

लिहिते.

—

चार पानं दिली. लहानपण. शाळा. काहीही. ती वाचतेय. ते ऐकताहेत. मध्ये तो एकदा जांभई देतो.

सहा पानं उरली.

—

हे पान सरकवते आहे. हे तुमच्यासाठी आहे, ऐकणाऱ्यांसाठी.

गोविंदसिंगकाका, हिरीबाई, दौलतराव, कमलीबाई. तुम्ही सगळे माझं ऐकत आला आहात. गोदामाचं ऐकून तुम्ही रडलात. ते गोदाम या माणसाचं आहे, आता तुमच्या रांगेत बसलाय त्याचं. तुम्ही चाळीस आहात. तो एक आहे. मारामारी नको, काही नको. नुसते उठा. उठून माझ्या दारासमोर उभे राहा. गोष्ट तुमच्या हातात आहे. उठा.

—

तिने वाचलं. एक शब्द गाळला नाही. 'उठा' म्हणताना तिचा आवाज भरून आला.

मी दाराला कान लावला.

कुणाचं तरी लुगडं सळसळलं. मला वाटलं — 

कमलीबाई रडत होत्या. हुंदके देऊन. गोविंदसिंगकाका म्हणाले, "वा. याच्यावरून जीव ओवाळून टाकावा असं लिहिलं पोरीनं." दौलतराव म्हणाले, आधीच्या कुठल्याच पुस्तकात असं पान नव्हतं.

कुणी उठलं नाही.

वाचन चालू असलं की उठत नाहीत.

—

सतीश विचारतोय किती पानं राहिली. वैजयंती म्हणाली, माहीत नाई भाऊ, लेखिकेच्या मनावर हाये. तो म्हणाला, अभिप्राय कुठे लिहायचा? आताच लिहितो. नाई भाऊ, शेवट झाल्यावर.

दोन पानं.

अक्षर मोठं काढते म्हणजे — नाही, लहान काढते. लहान काढलं तर जास्त पुरेल.

—

शेवटचं पान. मागची बाजू पुठ्ठा.

हे फक्त कमलीबाईंसाठी आहे. वैजयंती, मोठ्याने वाच. कमलीबाई, तुम्ही मला आपली पोरगी म्हणाला होतात. रंग लावताना. मी ते खरं धरलं. बाकीच्यांचं जाऊ द्या. तुम्ही दाराच्या सगळ्यात जवळ बसल्या आहात, तुमचं रडणं मला इथे ऐकू येतंय. फक्त तुम्ही उभ्या राहा. एक माणूस उभं राहिलं की दुसऱ्याला उठता येतं. तुमचा अंगठा मी मनाला लावून घेतला नाही. उभ्या राहा, कमलीबाई, हे वाक्य संपायच्या आत, तो सतरंजीवरून हात टेकून उठतोय, मला फटीतून दिसतंय, त्याला कळलंय की पान संप